भिंतीवरचा उपरी

घराच्या पांढऱ्या भिंतीवर भर दुपारी दोन पावले चालून थबकणारा, पुन्हा दोन पावले चालणारा, आणि आपण बोट पुढे केले असता पळून न जाता उलट वळून त्या बोटाकडे टक लावून पाहणारा, करंगळीच्या नखाएवढा कोळी ज्याच्या दृष्टीस कधी पडला नाही असा गृहस्थ मुंबईत, कोकणात किंवा देशावर शोधूनही सापडणे कठीण. परंतु या क्षुद्र जीवाला काही इतिहास असेल, त्या इतिहासाचे पहिले पान नाईल नदीच्या काठी एका फसलेल्या लष्करी मोहिमेत लिहिले गेले असेल, आणि पुढची पाने बंदरे, वखारी व जहाजे यांच्या हकिकतीपासून वेगळी काढता येणार नाहीत, ही कल्पना त्याच्याकडे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनाला शिवत असेल. केरसुणीच्या एका फटकाऱ्याने ज्याचे आयुष्य संपते त्याची बखर कोण लिहिणार? तरीही ती लिहिण्याजोगी आहे.

प्राणिशास्त्राच्या दप्तरात या कोळ्याची नोंद ‘प्लेक्सिप्पस’ या प्रजातीखाली केलेली आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे ‘सॉल्टिसिडी’ हे कुल सहा हजारांहून अधिक जातींचे, म्हणजे कोळ्यांच्या सर्व कुलांत विस्ताराने पहिले. त्यात सहाशेहून अधिक प्रजाती मोडतात, आणि त्यांपैकी पुष्कळशा एखाद्या डोंगररांगेच्या, अरण्याच्या किंवा बेटाच्या सरहद्दीबाहेर सहसा पाऊल टाकीत नाहीत. प्लेक्सिप्पसची तऱ्हा मात्र दुहेरी आहे. तिच्या यादीत दाखल असलेल्या तीसहून अधिक जातींपैकी बहुतेक आफ्रिका व आशिया यांतील आपापला ठरावीक मुलूख धरून राहणाऱ्या. पण त्यांच्यातील एक, ‘प्लेक्सिप्पस पायकुली’, हिने पृथ्वीच्या उष्ण कटिबंधाचा झाडून सारा पट्टा व्यापला आहे, आणि दुसरी, ‘प्लेक्सिप्पस पीटर्सी’, ही आफ्रिकेपासून जपान, फिलिपाइन्स व हवाई बेटांपर्यंत जाऊन पोचली आहे. एकाच घराण्यातील बाकीची मंडळी गावची वेस ओलांडीत नसता दोघांनीच सातासमुद्रापलीकडे संसार थाटावेत, यात काहीतरी मर्म असले पाहिजे.

रूपाने ही प्रजाती दणकट बांध्याची. पायकुलीची लांबी साधारणतः 9 ते 12 मिलिमीटर. शिरोवक्ष उंच आणि फुगीर, पाय आखूड पण जाडजूड, सर्वांगावर दाट केस. नराचे कवच काळेभोर असून त्याच्या मधोमध एक पांढरा पट्टा थेट पुढच्या डोळ्यांपर्यंत धावत येतो, दोन्ही कडांना आणखी एकेक पांढरा पट्टा असतो, उदरावरही काळ्या-पांढऱ्याचा हाच क्रम पुढे चालतो, आणि उदराच्या शेवटाकडे काळ्या भागात दोन पांढरे ठिपके उठून दिसतात. मादीच्या अंगी हा डामडौल नाही. ती तपकिरी-करडी, डोळ्यांभोवतीचा भाग तेवढा गडद, आणि पाठीवरचा फिकट पट्टा त्या गडद भागाशी येऊन थांबलेला. त्यामुळे जुनाट चुन्याच्या भिंतीवर किंवा लाकडी तुळईवर ती निश्चल बसली म्हणजे अनुभवी नजरेलाही चटकन सापडत नाही. नर-मादीच्या रूपातील ही तफावत लक्षात ठेवण्याजोगी आहे; कारण तिने पुढे शास्त्रज्ञांची बरीच फजिती केली.

परंतु या कोळ्याचे खरे वैभव त्याच्या डोळ्यांत आहे. ते एकंदर आठ. तोंडावर एका ओळीत चार, त्यांतील मधले दोन मोठे व काळेभोर. उरलेले चार डोक्याच्या वरच्या अंगाला, त्यांतही दोन इतके बारीक की भिंगावाचून दिसू नयेत. मधल्या मोठ्या डोळ्यांची रचना मोठी नवलाची आहे. बाहेरचे भिंग कवचाला घट्ट जडलेले असल्यामुळे डोळा फिरवता येत नाही, पण आत लांब नळी असून तिच्या तळाशी असलेला दृष्टिपटल स्नायूंच्या योगे इकडून तिकडे हलवता येतो; म्हणजे बाहेरून कोळी स्थिर दिसत असता आतल्या आत त्याची नजर समोरच्या वस्तूचे अंगप्रत्यंग न्याहाळीत असते. बाजूच्या डोळ्यांचे काम पहाऱ्याचे. मागे किंवा कडेला काही हलले की त्यांना वर्दी मिळते, कोळी गर्रकन वळतो, आणि मग मोठे डोळे तपासणी सुरू करतात. माशी दिसली की तो पोट भिंतीला टेकवून सरपटू लागतो; माशी पंख साफ करण्यात गुंतलेली असली की पुढे सरकतो, ती थांबली की थांबतो; चार-पाच अंगुळांचे अंतर उरले म्हणजे उदराचा शेंडा क्षणभर खाली टेकवून धाग्याचे टोक भिंतीला चिकटवतो, आणि मग उडी. त्या उडीसाठी त्याच्या मागच्या पायांत टोळासारखे पुष्ट स्नायू नसतात. शरीरातील द्रवाचा दाब एकाएकी वाढवून तो पाय ताणतो. नेम चुकला तर तो धाग्याला लोंबकळतो आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा वर चढू लागतो.

जाळे मात्र तो विणीत नाही, आणि बहुधा याच कारणामुळे आपल्या वाङ्मयात त्याला स्थान मिळाले नाही. उपनिषदांतील ऊर्णनाभ आपल्यातूनच तंतू काढतो व आपल्यातच ओढून घेतो. संतांच्या आणि शाहिरांच्या बोलण्यात कोळी आला तो जाळ्यासकट. आपल्या घरांत दिवाळीपूर्वी जी मोहीम निघते ती जळमटांवर, कोळ्यावर नव्हे. सुश्रुताने कल्पस्थानात लूतांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि वसिष्ठ ऋषींच्या क्रोधाने आलेल्या घामाच्या थेंबांपासून त्यांची उत्पत्ती झाल्याची कथाही दिली आहे. श्वेता, कपिला, कृष्णा, अग्निवर्णा, त्रिमंडला अशी रंगावरून व खुणांवरून पाडलेली त्यांची नावे वाचली म्हणजे त्या वैद्याची दृष्टी बारकाईची होती हे मान्य करावे लागते. पण त्याचा रोख सारा विषावर व दंशावर. आपल्या भिंतीवरचा हा निरुपद्रवी शिकारी ना तत्त्वज्ञाच्या उपयोगी पडला, ना वैद्याच्या. अशा रीतीने ज्याला स्वदेशी कोणी विचारले नाही त्याचे पहिले चित्र परदेशी निघाले.

सन 1798 च्या जुलैत नेपोलियन बोनापार्टने अलेक्झांड्रियानजीक सैन्य उतरविले तेव्हा त्याच्या बरोबर तोफा व घोडे होतेच, पण त्यांशिवाय दीडशेहून अधिक विद्वान, अभियंते व चित्रकारही होते. मोहिमेचा अंतस्थ हेतू इंग्रजांची हिंदुस्थानची वाट अडवण्याचा. टिपू सुलतानाशी संधान बांधण्यासाठी कैरोहून पत्रही लिहिले गेले, परंतु मदत दूरच राहिली आणि 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले. मोहीम निघाली तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा अंमल सुरू होऊन फार दिवस लोटले नव्हते, आणि नाना फडणवीसांच्या आयुष्याची जेमतेम दोन वर्षे उरली होती. राज्यांची अशी उलथापालथ चालू असता त्या विद्वानांच्या मेळाव्यातील झ्यूल-सेझार द सॅव्हिन्यी नावाचा एकवीस वर्षांचा तरुण, पाठीचा कणा नसलेले प्राणी गोळा करण्याचे काम अंगावर घेऊन, नाईलच्या खोऱ्यात किडे, शिंपले आणि कोळी वेचीत हिंडत होता. कोणते काम अधिक टिकले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

फ्रेंचांचे आरमार आगमनानंतर महिन्याभरातच बुडाले. सेनापती सैन्य मागे टाकून मायदेशी निघून गेला. आणि 1801 मध्ये उरलेल्या फौजेने अलेक्झांड्रियात हत्यारे ठेवली, तेव्हा विद्वानांनी जमवलेले संग्रहही जेत्यांच्या हवाली करावेत असे तहाचे कलम पुढे आले. रोझेटाची प्रसिद्ध शिला त्याच कलमाने लंडनला गेली. परंतु प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्र्वा सेंत-इलेर याने, संग्रह हिसकावून घेणार असाल तर आम्ही ते आमच्या हातांनी जाळून टाकू आणि अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय दुसऱ्यांदा जाळल्याचा कलंक तुमच्या माथी बसेल, अशा आशयाचे उत्तर दिले. इंग्रज सेनापती नरमला, आणि कीटक, पक्षी, मासे यांच्या पेट्या फ्रान्सला परत गेल्या. भिंतीवरच्या कोळ्याच्या इतिहासात हा प्रसंग यावा हे कोणास अतिरेकाचे वाटेल. पण सॅव्हिन्यीने जमवलेले प्राणी त्याच पेट्यांत होते.

पुढची वीस-बावीस वर्षे सॅव्हिन्यीने त्या संग्रहाची चित्रे काढून घेण्यात घालविली. ‘देस्क्रिप्स्यों द लेजिप्त’ या सरकारी खर्चाने निघालेल्या प्रचंड ग्रंथमालेत अष्टपादांची जी चित्रपाने आहेत, ती पाहिली म्हणजे मन थक्क होते. अख्खा कोळी तर तेथे आहेच. शिवाय त्याचे जबडे, स्पर्शपाद, पायांची नखे आणि डोळ्यांची मांडणी ही निरनिराळी, मोठी करून, केस न् केस दिसेल अशा रीतीने ताम्रपटावर कोरलेली आहेत. मजकूर लिहिण्याची वेळ आली तेव्हा मात्र दैव फिरले. सुमारे 1817 पासून सॅव्हिन्यीची दृष्टी बिघडू लागली होती, आणि 1824 नंतर त्याचे काम कायमचे सुटले. उजेड त्याला सोसेना, आणि अंधारातही त्याच्या डोळ्यांपुढे झगझगीत रंगांचे आणि आकारांचे थैमान चाले. त्या भासांचे वर्णनही या गृहस्थाने शास्त्रज्ञाच्या अलिप्ततेने लिहून ठेवले आहे. 1851 मध्ये व्हर्सायला त्याचा अंत झाला. आठ डोळ्यांच्या, आणि त्या डोळ्यांसाठीच प्रसिद्ध असलेल्या प्राण्याचे इतके सूक्ष्म चित्र करविणाऱ्याचे डोळे त्याच व्यासंगात जावेत, ही घटना कोणा नाटककाराने रचली असती तर आपण ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

चित्रे तयार, पण नावे नाहीत, अशा अवस्थेत ग्रंथ अडला. तेव्हा व्हिक्तोर ओदुअँ या तरुण कीटकशास्त्रज्ञाकडे चित्रांचे थोडक्यात स्पष्टीकरण लिहिण्याचे काम सोपविण्यात आले. सॅव्हिन्यीच्या टिपणांचा आधार त्याला नव्हता. समोर फक्त चित्रे. ते स्पष्टीकरण 1826 या वर्षाचे मानले जाते, आणि त्यात दोन उड्या मारणाऱ्या कोळ्यांची नावे प्रथम आली: एकाला स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ गुस्ताफ फॉन पायकुल याचे, दुसऱ्याला सेनेगालमध्ये वनस्पती गोळा करणारा फ्रेंच पंडित मिशेल आदाँसाँ याचे. पहिला तो आपला पायकुली. दुसरा ‘हॅसारियस अदान्सोनी’, जो आज आपल्या घरांत कुंड्यांच्या आडोशाला आणि मोरीच्या कोपऱ्यात आढळतो. दोघे एकाच ग्रंथात जन्मले आणि दोघांनीही पुढे जग पालथे घातले.

प्रजातीचे नाव वीस वर्षांनी पडले. बव्हेरियातील कार्ल लुडविग कोख हा पेशाने वनाधिकारी. न्यूरेंबर्गहून निघालेल्या ‘डी अराख्निडेन’ या सोळा खंडांच्या सचित्र ग्रंथाचे बरेचसे काम त्यानेच तडीस नेले, आणि त्यात 1846 मध्ये त्याने ‘प्लेक्सिप्पस’ ही प्रजाती स्थापन केली. ग्रीक पुराणात या नावाचा एक वीर आहे. रानडुकराच्या कातड्यावरून झालेल्या भांडणात तो आपल्या भाच्याच्या हातून मारला गेला. पण या कथेचा व कोळ्याचा संबंध लावण्याच्या फंदात वाचकाने पडू नये, कारण त्या काळी नव्या प्रजातींची संख्या इतकी वाढली होती की, होमर व ओव्हिड यांच्या पात्रांची सबंध यादी निसर्गशास्त्रज्ञांनी हातोहात संपवली. कोखने आपल्या प्रजातीचा पाया म्हणून जी जाती घेतली तिला त्याने ‘लिगो’ म्हटले. पुढे कागद तपासता असे दिसून आले की, लिगो म्हणजे ओदुअँचा पायकुलीच. अग्रक्रमाच्या नियमाप्रमाणे जुने नाव राहिले, नवे बाद झाले, आणि ज्या जातीवर प्रजाती उभी तीच दुसऱ्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा चुका एकट्या कोखच्या नव्हेत. एकोणिसाव्या शतकात बंदराबंदरांवरून स्पिरिटच्या बाटल्या पॅरिस, बर्लिन, लंडन व जिनोआ येथे येत, आणि बाटलीवर गावाचे नाव निराळे दिसले की आतील कोळीही निराळा असावा असे धरून चालण्याकडे पंडितांचा कल असे. त्यात नर काळा-पांढरा, मादी तपकिरी. दोघे निरनिराळ्या बाटल्यांतून आले की दोन जाती होत. एकच कोळी निरनिराळ्या देशांतून निरनिराळ्या नावांनी दाखल होत गेला, आणि ही नावे एकत्र आणून त्यांतील खरीखोटी निवडण्याचे काम पुढच्या दोन-तीन पिढ्यांना पुरले. बर्लिनच्या फर्डिनांड कार्शने 1878 मध्ये पीटर्सीचे वर्णन केले. त्याने ज्याचे नाव दिले तो विल्हेल्म पीटर्स 1842 ते 1848 या काळात मोझांबिकच्या किनाऱ्यावर प्राणी जमवीत होता. सोळाव्या वर्षी कोळ्यांवर पुस्तक लिहून पुढे साठ वर्षे त्याच विषयाला वाहिलेला पॅरिसचा यूजेन सिमों, 1892 ते 1903 या काळात निघालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात या सगळ्या पसाऱ्याला काही शिस्त लावून गेला, आणि आजची मांडणी पुष्कळ अंशी त्याच्याच हाताची आहे. तरीही एक गोष्ट त्या काळच्या पंडितांना फारशी खटकलेली दिसत नाही. जो कोळी सर्वत्र सापडतो तो मुळात कोठला, हा प्रश्न त्यांनी क्वचितच विचारला.

त्याचे उत्तर अलीकडच्या संशोधनाने बऱ्याच निश्चयाने दिले आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वेन मॅडिसन व त्याचे सहकारी यांनी जनुकांच्या तुलनेवरून उड्या मारणाऱ्या कोळ्यांची वंशावळ मांडली, तेव्हा असे दिसून आले की या कुलाच्या मोठमोठ्या शाखा खंडवार वाटल्या गेल्या आहेत: एक मुख्यतः दक्षिण अमेरिकेची, एक ऑस्ट्रेलिया व त्याच्या शेजारची, आणि प्लेक्सिप्पस जिच्यात मोडते ती आफ्रिका, आशिया व युरोप या जुन्या जगाची. प्लेक्सिप्पसचे निकटचे आप्त, हिल्लस, टेलामोनिया, थायेने, हे सगळे जुन्या जगाचेच रहिवासी. तेव्हा फ्लोरिडात, वेस्ट इंडीज बेटांत किंवा ब्राझीलच्या किनाऱ्यावर जो पायकुली दिसतो तो तेथला असणे शक्य नाही. आणि जगभरच्या कोळ्यांची जी सूची आज प्रमाण मानली जाते तिने पायकुलीचे मूळ ठिकाण म्हणून एकट्या आफ्रिकेचे नाव दिले आहे. बाकी सर्वत्र, हिंदुस्थान धरून, तो बाहेरून आलेला. जो आपल्या आजीच्या माजघरात होता, वाड्याच्या चौकात होता, चाळीच्या गॅलरीत होता, तो कागदोपत्री परदेशी ठरतो.

मराठी मुलखाच्या जुन्या महसूल व्यवस्थेत शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत. वडिलोपार्जित जमिनीचा कायमचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन गावच्या जमिनीवर कौलाने कसणारा तो उपरी. हे दोन शब्द या कोळ्यांना मी मुद्दाम लावतो, कारण देशी व विदेशी या आजच्या जोडीत जो तुसडेपणा आहे तो त्यांत नाही. उपऱ्याला गावात घर होते, पीक होते; पुढे मिरासपत्र करून घेऊन तो मिरासदारही होऊ शके. पायकुली हा त्या अर्थाने उपरी.

तो आला कसा, हे त्याच्या सवयी पाहिल्या म्हणजे सहज ध्यानात येते. रात्री विसावण्यासाठी व कात टाकण्यासाठी तो लाकडाच्या चिरेत, खोक्याच्या सांध्यात किंवा सालीखाली रेशमाची घट्ट पिशवी विणतो. मादी तशाच पिशवीत अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत राखण करते. उपाशीपोटी कित्येक दिवस काढण्याची ताकद कोळ्याच्या जातीत असतेच. आणि माणसाच्या शेजाराचे त्याला वावडे नाही. किंबहुना जेथे माणूस, गुरे, धान्य व कचरा तेथे माश्या, आणि जेथे माश्या तेथे तो. अरण्यातल्या एखाद्या वेलीवरच जगणारा कोळी वखारीत आठवडाभर टिकणार नाही. याला वखार म्हणजे माहेर. यापुढे लागते फक्त जहाज.

आणि जहाजांना आपल्या किनाऱ्यावर कधीच तोटा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे आहेत, आणि त्याच ग्रंथात पूर्व आफ्रिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या हस्तिदंताचीही हकिकत आहे. पुढे अरब, गुजराती आणि कोकणी नाखव्यांनी हा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालवला. मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांची रीत अशी की, ती एका वाऱ्याने आफ्रिकेला जात आणि दुसरा वारा फिरेपर्यंत तेथेच महिनोन् महिने नांगर टाकून राहात; म्हणजे किनाऱ्यावरच्या प्राण्यांना गलबतावर चढण्यास आणि लाकडाच्या भेगांत बिऱ्हाड करण्यास यथेच्छ वेळ मिळे. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज याच समुद्रमार्गाने आले. वसईच्या किल्ल्यात व मुंबईत आजही उभी असलेली गोरखचिंचेची अजस्र झाडे मूळची आफ्रिकेची. एखाद्या नाथपंथी सिद्धाचे नाव धारण करून ती इथलीच होऊन बसली आहेत. पायकुली व अदान्सोनी याच गलबतांच्या काळात आले असावेत, एवढे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. भिंतीवर राहणाऱ्या जीवाचे जकातनाक्यावर कोणी नाव लिहून घेत नसते.

वाफेच्या जहाजांनी मात्र या स्थलांतराचे स्वरूपच पालटले. शिडाच्या जहाजाला आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून युरोपास जाण्यास महिने लागत, आणि एवढ्या प्रवासात उपाशी कोळी व त्याची पिल्ले मरून जाण्याचा संभव पुष्कळ. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि तोच प्रवास काही आठवड्यांवर आला. मुंबईत 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक झाले; कापसाच्या गाठी, तेलबिया, कातडी, इमारती लाकूड यांचे डोंगर धक्क्यावर पडू लागले. त्याच शतकात लंडनच्या डॉक्टर वॉर्डने काचेची बंद पेटी शोधून काढली, आणि तीतून जिवंत रोपे मातीसकट एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ लागली. आसाम-दार्जिलिंगच्या बाजूला चहा आणि निलगिरीवर सिंकोना पसरला त्यामागे या पेटीचा हात आहे; आणि मातीबरोबर, पानांबरोबर, कुंडीच्या बुडाशी काय काय गेले याची गणती कोण करणार? युरोपातील थंड शहरांत, शोभेची उष्ण प्रदेशीय झाडे जेथे वाफ सोडून जगवली जातात त्या काचघरांत अदान्सोनीने कायमचा तळ ठोकला आहे. बाहेर बर्फ पडत असता तो आत निर्धास्तपणे माश्या मारतो.

विजेच्या दिव्यांनी या प्रवाशांच्या पुढची शेवटची अडचणही काढून टाकली. उड्या मारणारे कोळी दृष्टीवर जगणारे, म्हणून दिवसाचे शिकारी. परंतु दिव्याभोवती चिलटे जमू लागली तशी पायकुलीने दिव्याखालच्या भिंतीवर रात्रपाळीही सुरू केली. इमारत नवी असो वा जुनी, चुन्याची असो वा सिमेंटची, दिवा आणि चिलटे असली की त्याचे भागते. त्याच्या प्रसाराचा नकाशा काढला तर तो डोंगर, नद्या व अरण्ये यांच्या नकाशाशी जुळत नाही. जुळतो तो बंदरांच्या आणि बाजारपेठांच्या नकाशाशी.

हिंदुस्थानात या प्रजातीचा अभ्यास कसा झाला याची हकिकत आटोपशीर आहे, कारण तो फारसा झालाच नाही. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये निघाली, पण तिच्या सभासदांचे चित्त बरीच वर्षे पक्षी, साप आणि शिकार यांतच रमले. कोळ्यांना खरा वाली मिळाला तो बी. के. टिकादर यांच्या रूपाने. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्रात राहून त्यांनी सह्याद्रीच्या परिसरातील कोळी धुंडाळले, आणि 1980 व 1982 मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’चे जे दोन खंड त्यांनी दिले त्यांत फुलांवर दबा धरणारे, जमिनीवर धावणारे व जाळी विणणारे कोळी सविस्तर आले, उड्या मारणाऱ्यांची पाळी त्या खंडांत आली नाही. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कित्येक भारतीय जातींना त्यांनी ‘फिडिप्पस’ या प्रजातीत घातले होते, पण ती प्रजाती अमेरिकेची, आणि पुढील संशोधनाने त्या जाती तेथे बसत नाहीत असे दाखविले. एकट्या माणसाने साऱ्या देशाच्या कोळ्यांचा भार उचलावयाचा म्हटले की असे होणारच. दोष द्यायचाच तर त्यांना एकटे पडू देणाऱ्यांना द्यावा. अलीकडे मात्र चित्र पालटत आहे. तरुण अभ्यासकांनी मुंबईच्या आरे वसाहतीतून व ठाणे-कल्याणच्या परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्या जाती उजेडात आणल्या, आणि 2021 मध्ये त्यांपैकी एकीला, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री निःशस्त्र असता अतिरेक्याची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले: ‘आयसियस तुकारामी’. स्वीडनच्या सरदाराच्या आणि पॅरिसच्या पंडिताच्या नावांनी सुरू झालेल्या या वहीत मुंबईच्या पोलीस शिपायांतून वर आलेल्या माणसाचे नाव चढले, हे मला तरी योग्य वाटते.

प्लेक्सिप्पसच्या यादीची मात्र साफसफाई अजून व्हावयाची आहे. तिच्यातील काही जातींचे वर्णन केवळ नरावरून किंवा केवळ मादीवरून झालेले, काही इतक्या जुन्या की त्यांचे मूळ नमुने पुन्हा भिंगाखाली घातल्याशिवाय त्या खऱ्याच प्लेक्सिप्पस आहेत की नाहीत हे ठरवता येणार नाही. हे काम पंडितांचे. परंतु त्यांना लागणारी एक माहिती सामान्य वाचकाला विनासायास देता येते. आता खिशाखिशात छायाचित्राचे यंत्र आहे आणि भिंतीवरच्या कोळ्याचे चित्र घेणारेही पुष्कळ झाले आहेत. त्यांनी चित्राबरोबर गाव आणि तारीख तर लिहावीच, पण कोळी घराच्या भिंतीवर होता की वस्तीपासून दूर रानातल्या झाडावर, हेही आठवणीने नोंदवावे. भिंतीवर सापडतो तो बहुधा आफ्रिकेचा उपरी असतो. रानात, माणसाच्या चाहुलीपासून लांब, त्याच्यासारखाच दिसणारा एखादा मिळाला तर तो या मुलखाचा मिरासदार असण्याचा संभव आहे, आणि त्याची नोंद अद्याप कोणी केलेली नसण्याचाही.